पोरींनी इहिरीवर यायचं न्हाय

मला राग आला की मी पळते. बारामतीत मी ज्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, तिथल्या मुलींना वाटतं, माधवी मॅडम वजन उतरवायला पळतात. वजन गेलं खड्ड्यात. मला राग उतरवायचा असतो. पहाटे पाचला घर सोडते, कन्हेरी गाव येईस्तोवर तो जरा उतरतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा चढतो. ह्या एका रागावर माझ्या तीन मॅरेथॉन झाल्यात, बेचाळीस-बेचाळीस किलोमीटरच्या. त्यावरून काय ते समजा.

गेल्या वर्षी ट्रायथलॉनला नाव दिलं. दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. पोहणं धरणाच्या पाण्यात. तीनशे मीटरवर मी थांबले. होडीतल्या माणसानं बखोटीला धरून वर ओढलं आणि वर ऐकवलं, "मॅडम, येत नाही तर कशाला येता?" येत होतं रे बाबा. हातपाय बरोबर चालले होते. पण मान खाली घातली, खाली हिरवंकाळं पाणी दिसलं आणि मला छकुली आठवली. मग हात चालेनात.

छकुली माझी धाकटी बहीण. सणसरला आमच्या माहेरच्या विहिरीत बुडाली. ती चौदाची, मी सोळाची. लाईट नव्हती, मोटर बंद, म्हणून आम्ही दोघी कळश्या घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीला शेवाळ होतं. ती घसरली तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. मी ओरडले. दुसरं मला काही येत नव्हतं. माझा थोरला भाऊ ज्ञानेश, आम्ही त्याला दादा म्हणतो, गावातला पट्टीचा पोहणारा. तो शाळेच्या ग्राउंडवर क्रिकेट खेळत होता. धावत आला, सूर मारला, तिला वर काढलं. तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतर घरानं काय करावं? हे सांगताना आजही माझ्या कपाळाची शीर उडते. राहिलेल्या पोरींना पोहायला शिकवावं? छे. नियम केला, पोरींनी इहिरीवर यायचं न्हाय. गाव म्हणालं, सातीआसरांनी नेली. विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या ह्या आसरा, पाण्यातल्या देवी. दरवर्षी आई त्यांना हिरव्या बांगड्या आणि खण वाहते, म्हणजे त्या आणखी कुणाची लेक मागणार नाहीत. आणि दर मे महिन्यात, त्याच आसरांच्या डोळ्यांदेखत, घरातल्या पोरांच्या पाठीला डबा बांधून त्यांना पाण्यात फेकतात. पोरांना आसरा काही करत नाहीत. मुलगा कोण, मुलगी कोण, हे त्या दगडांना बरं कळतं!

मी पोहायला शिकले छत्तिसाव्या वर्षी. बारामतीत, फी भरून, छातीइतक्या निळ्या पाण्यात, फळी धरून. तिथं तळाच्या फरश्या दिसतात. ह्या नोव्हेंबरात परत तीच स्पर्धा आहे, तेच धरण. काळ्या पाण्याची भीती घालवायची तर मला एकच जागा माहीत होती. म्हणून फेब्रुवारीपासून दर रविवारी मी सायकलनं सणसरला जाते आणि आमच्या विहिरीत उतरते. पहिल्या रविवारी पायरीवर बसून नुसती रडले. दुसऱ्या रविवारी उतरले.

दादानं अडवलं नाही. मी आता घरची पोरगी नाही, बारामतीला दिलेली बाई आहे, माझं बरंवाईट त्याच्या माथी नाही. शिवाय माझ्या मेडलचे फोटो त्याच्या स्टेटसला झळकतात. 'आमच्या भगिनी, आमचा अभिमान.' भगिनी म्हणे.

आमची विहीर साठ फूट रुंद. दीड किलोमीटर म्हणजे ह्या काठापासून त्या काठापर्यंत ब्याऐंशी वेळा. मोजायला मोना. दादाची मुलगी, दहा वर्षांची. तिला काठावर यायची बंदी, म्हणून ती वीस पावलं लांब चिंचेखाली बसते. मी काठाला टेकले की "हां!" असं ओरडते आणि ती एक चिंचोका इकडचा तिकडं करते. तिनं मला पोहताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. माझं सगळं पोहणं तिनं कानांनी मोजलं. एकदा मी दमून वर आले आणि म्हणाले, झाले ब्याऐंशी. तर म्हणते कशी, "न्हाय आत्या, एक्क्याऐंशी. लबाडी करू नगंस." गेले परत पाण्यात.

मेच्या पहिल्या रविवारी पोचले तर विहिरीवर ही गर्दी. दादानं अविराजला आणलं होतं, मोनाच्या धाकट्या भावाला, सात वर्षांच्या. पाच लिटरचा तेलाचा मोकळा कॅन त्याच्या पाठीला बांधलेला, कमरेला बैलाचा कासरा, आणि पोरगं रडून लाल. दादानं उचललं आणि दिलं फेकून. कॅननं त्याला वर आणलं, तो हातपाय झाडायला लागला, काठावरच्यांनी शिट्ट्या मारल्या. आई चिंचेपाशी उभी राहून कौतुकानं हसत होती. तिच्या शेजारी मोना. मोनाच्या हातात अविराजचा टॉवेल आणि कोरडी चड्डी.

आम्ही अशाच उभ्या असायचो. दादा पोहायला शिकत होता तेव्हा. एकीच्या हातात त्याचा टॉवेल, दुसरीच्या हातात चड्डी. मी आणि छकुली.

मी सायकल तिथंच आडवी टाकली.

"दादा, मोनाला कधी?"

"काय मोनाला कधी?"

"कॅन कधी बांधणार?"

तो हसला. "तुझं आपलं कायतरीच. पोरगी हाय ती."

"छकुली बी पोरगीच हुती."

शिट्ट्या थांबल्या. आमच्यात विहिरीपाशी हे नाव कुणी घेत नाही. आजूबाजूचे लोक हळूच सरकायला लागले.

"तोंड सांभाळ माधवी," दादा म्हणाला. "आसरांचं ठिकाण हाय हे."

"आसरांनी न्हाय नेली तिला! तुमी शिकवलं न्हाय म्हणून गेली. तुला शिकवलं आन् आमाला टावेल धराया उभं केलं. चार हातांवर हुते मी, दादा. मला पवाया येत असतं तर—"

"तर तू बी गेली असतीस तिच्यासंगं."

"न्हायतर दोघी वर आलो असतो."

त्यानं कासरा ओढून अविराजला वर घेतलं, कमरेचा कासरा आणि पाठीवरचा कॅन सोडून बाजूला फेकला. "हे बघ. तुझं पळणं, पवणं तुझ्या नवऱ्याला चालतंय, माझं काय न्हाय. पण माझी पोरगी इहिरीला शिवली, तर तुझं बी हितलं पवणं बंद. दुसरं पाणी बघायचं." पोराला खांद्यावर टाकून तो घराकडं चालायला लागला.

दुसरं पाणी मला माहीत नव्हतं. हीच विहीर होती. हिच्यातच मला हात चालवायला यायला लागले होते, ही गेली म्हणजे नोव्हेंबर गेला. मी मोनाकडं पाहिलं. ती खाली बसून टॉवेलाची घडी घालत होती, चारी कोपरे जुळवून, मन लावून. गेला तर गेला नोव्हेंबर.

मी कॅन उचलला. "मोना, ये हिकडं."

तिनं आजीकडं पाहिलं. मोना वीस पावलं चालत आली, काठावर थांबली आणि तिनं पहिल्यांदा आत वाकून पाहिलं.

"एवढं मोठं?" ती म्हणाली. "आत्या, एवढं ब्याऐंशी बार?"

मी कॅन तिच्या कमरेला बांधायला घेतला. गाठ बसेना. माझ्या पाठीला कधी कुणी कॅन बांधलेला नाही, मला काय माहीत कसा बांधतात!

"कमरंला न्हाय बांधायचा."

मी वळले. मागं आई उभी होती, आसरांच्या अलीकडं, अगदी काठाला. एरवी बांगड्या वाहायला वर्षातून एकदा येते तेवढीच.

"कमरंला बांधला की ढुंगण वर आन् तोंड पाण्यात. वर घे, दोन्ही खांद्यांच्या मधी. गाठ छातीवर नगं, काखंखाली. सरक."

तिनं माझी गाठ सोडली आणि स्वतःची मारली. डोळ्यांनी बघतही नव्हती. गाठीखालून दोन बोटं सरकवून बघितली, कॅनला एक हिसका दिला, कासरा मोनाच्या कमरेला बांधून त्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि तिला म्हणाली, "जा. पायरीवरनं उतर. तोंड मीट, नाकानं श्वास सोड, आन् हात कुत्र्यावानी मार." मोना उतरली. पाण्यात शिरली, बुडाली, वर आली, खोकली.

"तुला कसं ठावं ह्ये सगळं?" मी विचारलं.

"नरसिंगपूरची हाय मी."

ते मला माहीत होतं. आईचं माहेर नरसिंहपूर, भीमा आणि नीरेच्या संगमावर. लहानपणी दरवर्षी देवाला जायचो. घाटावर ती आमचे दंड घट्ट धरून बसायची आणि घोट्याच्या वर पाण्यात जाऊ द्यायची नाही.

"भोपळा बांधून शिकवलं मला माझ्या आज्यानं," आई पाण्याकडं बघत म्हणाली. "दोन्ही नद्या पवलीय मी. पार पल्याड."

"तुला पवाया येतंय."

"येत हुतं."

"मग आमाला का न्हाय शिकवलंस?"

"लगीन होऊन आले तवा तुझा आजा म्हणला, सुनंनं इहिरीत पाय घातला तर परत म्हायेरी. मी न्हाय घातला."

"आजा मेला तवा मी आठ वर्सांची हुते, आई. छकुली सहाची."

विहिरीत मोना हात मारत होती, पाणी काठावर आपटत होतं.

"सवय लागली गं भ्यायची," आई म्हणाली.

खोटं कशाला सांगू, मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. दोन नद्या पोहून पार केलेली बाई. पोटची पोर पाण्यात गेली तर बावीस वर्षं दगडांना बांगड्या वाहत बसली. एकदा, फक्त एकदा त्या पोरीच्या पाठीला भोपळा बांधला असता! मला ओरडायचं होतं, आसरांचे ते सात दगड उचलून पाण्यात फेकायचे होते. पण कासरा माझ्या हातात होता आणि दुसऱ्या टोकाला मोना होती. मी दात आवळून कासरा धरून राहिले.

लॅबला फोन करून मी आठवड्याची रजा टाकली आणि माहेरी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तावातावानं विहिरीवर आला. आई खालच्या पायरीवर बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही पाय पाण्यात सोडून, मोनाला ओरडत होती, "पाय मार, पाय!" आपल्या आईला पाण्यात पाय घातलेलं दादानं जन्मात पाहिलं नव्हतं. थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला.

मी आईशी बोलत नव्हते. कासरा मी धरायचे, सांगायची ती. तिसऱ्या दिवशी तिनं पाच लिटरचा कॅन काढून दोन लिटरचा बांधला. पाचव्या दिवशी तोही अर्धा पाण्यानं भरला. सहाव्या दिवशी सोडून टाकला आणि मला म्हणाली, "कासरा बी सोड." माझी मूठ उघडेना. आईनंच एकेक बोट सोडवलं. मोना ह्या काठाहून निघाली, वेडीवाकडी, पाणी उडवत, आणि साठ फूट पार करून समोरच्या दगडाला टेकली.

"हां!" ती ओरडली.

संध्याकाळी दादाच्या स्टेटसला तिचा व्हिडिओ. वहिनीनं काढलेला असणार. वर लिहिलेलं, 'आमची वाघीण.' फोन भिंतीवर आपटायचा तेवढा राहिला. माझं पोहणं बंद केल्याचं मात्र त्यानं पुन्हा काढलं नाही. पुढच्या रविवारी ये म्हणाला.

सातव्या दिवशी सायकलनं बारामतीला निघाले. वाटलं होतं, आता तरी राग उतरेल. कन्हेरी मागं पडली तरी उतरला नाही, उलट वाढतच गेला. इतकी वर्षं मी मनाशी धरलं होतं की पोहायला शिकवणं हे काहीतरी मोठं काम असेल, वेळ लागत असेल, सोय लागत असेल, म्हणून आमचं राहून गेलं असेल. एक तेलाचा कॅन लागतो, एक कासरा लागतो आणि सहा दिवस लागतात. आजा मेल्यावर छकुलीला आठ उन्हाळे मिळाले होते.