डाव्या दारातला आवाज

मित्रांनो, मी एका पांढऱ्या मोटारीच्या डाव्या दारातला जुना स्पीकर आहे. आज मला पाहिलेत, तर तुम्ही मला स्पीकर म्हणणार नाही. तसे का झाले, तेच सांगायला बसलो आहे.

कागदाचा पडदा, मागे बोटभर जाडीचे चुंबक आणि दोघांना धरून ठेवणारी प्लास्टिकची उंच चौकट, एवढाच माझा संसार. गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेला, म्हणून माझे कौतुक कुणी केले नाही. पण कळंबच्या वामनरावांनी मला जवळ केले. त्यांचे कान मंदावत चालले होते. कानातले यंत्र त्यांना सोसत नसे. "मुंगी शिरल्यावानी वाटते," म्हणून ते काढून ठेवत. मात्र गाडीच्या काचा बंद करून बसले आणि डावा तळवा दारावर, अगदी माझ्यासमोर टेकवला, की रेडिओवरचे बोलणे त्यांना समजे. मला याचा फार गर्व होता.

त्यांना जसे कमी ऐकू येई, तसा माझा आवाज वाढवला जाई. मी तरी किती ओरडणार? गेल्या उन्हाळ्यात माझा पडदा फाटला. मग शब्दांऐवजी नुसती खरखर. वामनराव गाडीत बसेनासे झाले, घरातही गप्प राहू लागले. त्यांच्या त्या गप्प राहण्याला मीच कारण आहे, असे मला रोज वाटे.

अशातच त्यांची मुलगी प्रेरणा हिचा फोन आला. ती शेतीशास्त्र शिकलेली. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ती पहिल्यांदाच रेडिओवर बोलणार होती. "बाबांना ऐकव," एवढेच ती आईला म्हणाली.

आईने, म्हणजे वामनरावांच्या पत्नी विमलताईंनी, लगेच नवे स्पीकर मागवले. पार्सल आले ते नेमके शुक्रवारी दुपारी. समोरच्या गॅरेजचा फिरोज, शाळेतला त्यांचा विद्यार्थी, पुसदला गेलेला. तो पाचपर्यंत येणार होता. तेवढा धीर ताईंना कुठला! जन्मात कधी पाना धरला नव्हता, पण मोबाइलवर व्हिडिओ लावून त्या दार खोलायला बसल्या. दाराचे आतले आवरण धरणारी पहिलीच खुंटी तटकन तुटली. "तुटू दे," ताई म्हणाल्या. मग माझी वायर उपसली आणि मला मागच्या सीटवर टाकले.

नव्याचा थाट काय वर्णावा! पण त्याची पाठ दिसली आणि मला धोका कळला. त्याचे चुंबक माझ्या दुप्पट जाड होते आणि ताईंनी त्याला थेट दाराच्या पत्र्यावर कसले होते. दाराच्या पोटात काच वरखाली होते. माझी उंच चौकट मला नऊ वर्षे तिच्या वाटेबाहेर धरून होती. नव्याला तशी चौकटच नव्हती. काच वर असल्यामुळे ताईंना काही दिसले नाही. ती खाली आली की चुंबकावर आपटून फुटणार होती. मग रस्त्यावरच्या ट्रकांच्या गोंगाटात त्यांना लेकीचा एक शब्दही कळला नसता.

मला ओरडायचे होते. नऊ वर्षे बडबडलो आणि नेमके बोलायच्या वेळी मुका झालो.

पावणेपाचला ताईंनी वामनरावांना हाताला धरून आणले. ते बसले आणि सवयीने तळवा दारावर ठेवला. "काच उतरवून पाहू एकडाव," असे म्हणून ताईंनी बटण दाबले. काच उतरू लागली. पाव. अर्धी.

"विमल, थांब!" वामनराव ओरडले. "आत काहीतरी घासून राह्यलं."

ताईंनी बोट उचलले. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते; वामनरावांना मात्र ते तळव्याला जाणवले होते.

पाचला फिरोज आला. त्याने दार उघडून पाहिले. "बाई, थेट पत्र्यावर कसला काय? याले पत्र्यावरून वर उचलाले चौकटीवानी कडं लागते न. आता ते यवतमाळले भेटन. उद्या आणतो."

"उद्या काय कामाचं रे?" ताईंचे डोळे भरून आले.

फिरोजची नजर माझ्यावर गेली. "याचीच चौकट कापू काय? कडं उरन. पण मंग हा कधीच वाजनार नाही."

मी घाबरलो, खोटे कशाला सांगू? करवतीचे पाते फिरले. फाटका पडदा गेला, चुंबक धपकन खाली पडले. उरले नुसते चौकटीचे कडे. पाच वीसला ते कडे माझ्या जुन्या जागी बसले आणि नवा माझ्यावर कसला गेला. फिरोजने काच उतरवली. ती तळापर्यंत गेली, कुठेही न लागता. मग काच पुन्हा वर चढवून त्याने साडेपाचला रेडिओ लावला.

"नमस्कार, मी प्रेरणा..."

वामनरावांचा तळवा माझ्यासमोर होता. त्यांचा चेहरा हलेना. ताई त्यांच्या तोंडाकडेच पाहत होत्या. तिकडे प्रेरणा सांगत होती, कपाशीच्या सहा ओळींमागे तुरीची एक ओळ घ्या.

"सहा काहून?" वामनराव एकदम उखडले. "आपल्या वावरात आठ रायतात! येऊ दे घरी, सांगतो तिले."

ताई हसता हसता रडू लागल्या.

"अवं, गप राय. ऐकू दे मले," वामनराव म्हणाले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरात कुणी "काय?" म्हणून पुन्हा विचारले, तर लांबून आवाज चढवू नका. जवळ जाऊन बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि सावकाश बोला. मी ओरडून ओरडून फाटलो, पण त्याने त्यांना जास्त काही ऐकू आले नाही. आता मी वाजत नाही. दारात बसून त्यांच्या तळव्याची वाट पाहतो.