जेवणाच्या वेळची गाणी

मरणाच्या आदल्या दुपारी जयवंत लालबागच्या खोलीत नेहमीसारखे रेडिओ ऐकत पडले होते. संपाच्या उन्हाळ्यातली गाणी लागली, तसे ते मुलीला म्हणाले, "अंबू, तेव्हा अख्खी चाळ गात होती." अंबिकेनं त्यांची उशी सारखी केली.

तेराव्याला शेजारचे दगडूकाका जेवता जेवता तेच म्हणाले. "गिरणी बंद, पण गाणी काय होती गो. आणि जयवंताचा रेडिओ सगळ्यांत मोठा."

अंबिकेनं वाढता हात थांबवला. "काका, आमचा स्टोव्ह पेटलेला नसायचा. त्याची फरफर होत नाही हे भिंतीपलीकडे तुम्हाला कळू नये, म्हणून बाबा जेवणाच्या वेळी रेडिओ मोठा करायचे. मला कळायचं, त्यांना कधी बोलले नाही. आणि काका, तुमचाही रेडिओ तेव्हाच मोठा व्हायचा."