एक घास खाल्लेला नान

मी एक जुना नान आहे. जुना म्हणजे किती, तर मला टिचकी मारली की पाटावर मारल्यासारखा टणटण आवाज येतो. हसू नका, मित्रांनो. बाकीचे नान तंदुरातून निघतात आणि संध्याकाळच्या आत कुणाच्या तरी पोटात जातात. मी मात्र वसंतात जन्मलो आणि शरद येईपर्यंत खिळ्याला लटकत राहिलो. एवढं आयुष्य आमच्या जातीत फार थोड्यांच्या वाट्याला येतं, म्हणून थोडी ऐट करतो. तेवढी सोसा.

माझा जन्म उर्गुत गावी, करोमतच्या अंगणातल्या तंदुरात झाला. करोमत म्हणजे सगळ्या आळीची करोमत-ओपा, म्हणजे थोरली ताई. तिच्या हाताला अशी चव होती, की तिच्या नानाच्या वासाने भांडणारे शेजारी भांडण अर्धवट टाकून कुंपणापाशी येत. तिने मला दुधात मळलं, चांगलं तिंबलं, माझ्या पोटावर सुयांच्या ठशाचं फूल उमटवलं, वर तीळ पेरले आणि तंदुराच्या तापल्या भिंतीवर थापलं. बाहेर आलो तेव्हा मी तांबूस, गुबगुबीत आणि चकचकीत होतो. तिने मला दोन्ही हातांत धरून म्हटलं, "हा चांगला झालाय. हाच मुखलिसाला."

मुखलिसा तिची एकुलती एक मुलगी. सुझनी म्हणजे आमच्याकडची भरलेली चादर, आणि तिच्या भरतकामात मुखलिसाचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका देशातल्या शाळेने तिला काही महिने भरतकाम शिकवायला बोलावलं होतं. वडील नाहीत, आई एकटी, आणि पोरगी पहिल्यांदाच परदेशी निघालेली. करोमतला मनातून तिला पाठवायचं नव्हतं, पण तोंडाने ती "जा बाई, जा" म्हणत होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मला दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, मानाने मधोमध ठेवलं होतं. शेजारी चहाची किटली, आणि पलीकडे करोमतचा भाऊ तोशपुलात मांडी ठोकून बसलेला. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. जगातला कुठलाही विषय काढा, त्याच्या ट्रकची चाकं त्यावरून गेलेलीच असत. मुखलिसाने आमच्या सरकारने त्या देशाबद्दल प्रसिद्ध केलेली प्रवाशांसाठीची सूचना छापून आणली होती. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. मामाने तो हातात घेतला, वरचा लाल पट्टा पाहिला आणि डोळे मोठे केले.

"लाल! अगं करोमत, लाल लिहिलंय! पोरीला कुठल्या आगीत पाठवतेस?"

करोमतने हातातला चहाचा पियाला खाली ठेवला. "अगं बाई! मग नको जाऊ. मी उद्याच कळवते त्यांना."

"आई, थांब गं. मामा, पट्टा लाल आहे, पण खाली काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"लाल म्हणजे लाल. सिग्नलला मी काय खाली वाचत बसतो?"

मुखलिसाला हसू आवरेना. तिने कागद दोघांच्या मधे धरला. "हे बघा. लाल रंग फक्त दक्षिणेच्या डोंगराळ सीमेपुरता आहे. तिथे जाऊ नका म्हणतात. माझी शाळा उत्तरेला, समुद्राकाठी. तिथे पिवळा, म्हणजे जा, पण जपून. गर्दीत पाकीट सांभाळा, मोर्चे दिसले तर लांब राहा. आणि ही तारीख बघा, मागच्याच आठवड्यातली. परिस्थिती बदलली की सूचनाही बदलते, म्हणून उद्या निघताना मी पुन्हा पाहणार आहे. दूतावासात माझं नाव, पत्ता, तुझा फोन नंबर सगळं नोंदवलंय."

"म्हणजे सरकारला आमची मुखलिसा माहीत झाली?" मामाचा आवाज एकदम बदलला. भीती गेली आणि छाती फुगली.

मग त्याने काय करावं? वाटीत पीठ कालवून खळ केली, कागदाच्या मागे चांगली सढळ हाताने फासली आणि तो कागद भिंतीवर थापून दिला, अगदी तंदुरात नान थापावा तसा. मुखलिसा "अहो मामा, मागे पण मजकूर आहे!" म्हणेपर्यंत हात फिरवून झालासुद्धा.

"मागचं तू वाचलंस ना? मग झालं तर. जायचं तुला आहे, आम्हाला थोडंच!"

मुखलिसाने खांदे उडवले. तिने मागची बाजू खरंच वाचली होती, समजूनही घेतली होती. संध्याकाळी आळीतले लोक आले, लाल पट्टा बघून गेले आणि "करोमतच्या पोरीला सरकारचं पत्र आलंय" असं गावभर करून टाकलं.

मित्रांनो, आता त्या दिवसातली जी गोष्ट सांगतो, ती मी एकट्यानेच पाहिली. मुखलिसाने आपली बॅग स्वतः भरली, कुलूप तेवढं लावायचं ठेवलं आणि ती शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली. करोमत खोलीत आली. तिने छताला टांगलेली इसिरिकची जुडी काढली. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, इसिरिक म्हणजे आमच्याकडची रानातली वाळकी वनस्पती. कुणाला नजर लागली, ताप आला, बाळ जन्मलं, घरात लग्न निघालं, की तिचा धूर करतात. आमच्या आयांचा डॉक्टरपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा. करोमतने तिची पानं आणि बिया एका चिंधीत गच्च बांधल्या आणि पुरचुंडी बॅगेतल्या सुझनीच्या घडीत अगदी आत सारली. "परक्या मुलखात कुणाची दृष्ट लागली तर कोण बघणार माझ्या लेकराकडे?" असं पुटपुटली आणि बॅगेवरून मायेने हात फिरवला.

त्या हाताचं प्रेम मला दिसत होतं. पुढे काय वाढून ठेवलंय ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखलिसा उंबऱ्याशी उभी राहिली. करोमतने मला तिच्या तोंडापुढे धरलं. आमच्याकडे प्रवासाला निघणारा घरच्या नानाचा एक घास घेऊन जातो. उरलेला नान त्याची वाट बघतो, आणि परत आल्यावर तो त्यानेच संपवायचा असतो. मुखलिसाने माझा लचका तोडला. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून जरा मोठाच तोडला. आईने मला भरतकामाच्या लाल दोऱ्याने बांधलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला, त्या कागदाच्या शेजारी टांगलं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला विचारा.

पोचल्याचा फोन यायचा होता, तो आला नाही. विमान उतरून बराच वेळ झाला. करोमत चूल पेटवायची विसरली. मामा "अगं, तिकडे फोन लागत नसेल, मी ट्रकवर असताना..." असं सुरू करी आणि मधेच उठून फाटकापर्यंत जाऊन येई. शेवटी फोन वाजला, पण आवाज परका होता. आमच्याच दूतावासातले एक साहेब बोलत होते.

"ओपा, आधी ऐका, तुमची मुलगी सुखरूप आहे. तिने नाव नोंदवून ठेवलं होतं, म्हणून आम्हाला लगेच कळलं. पण विमानतळावर तिला अडवून ठेवलंय. सामानात चिंधीत बांधलेल्या कसल्यातरी बिया निघाल्या. या देशात त्यांना बंदी आहे. मुलगी म्हणते, 'हे माझं नाही.' अधिकारी म्हणतात, 'बॅग स्वतः भरली असं तूच सांगितलंस, मग हे आलं कुठून?' त्यांना ती खोटं बोलते असं वाटतंय. प्रकरण कोर्टात गेलं तर अवघड होईल. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

करोमतचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. मामा तिच्या कानाशी लागला. "म्हण, आम्हाला काही माहीत नाही! उगाच तुझ्यावर येईल सगळं. परक्या देशाचा कायदा, काय सांगावं!"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, मित्रांनो. माझ्या तोंडाच्या जागी फक्त मुखलिसाच्या दातांची खूण होती. करोमतने वर पाहिलं. तिची नजर त्या खुणेवर थांबली.

"माझ्यावरच यायला हवं," ती भावाला म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "साहेब, पोर खरं बोलतेय. ती पुरचुंडी मी ठेवली, तिच्या पाठीमागे. इसिरिक आहे हो, दृष्ट काढायची! आम्ही लेकरांवरून ओवाळतो ती. मी आई आहे, साहेब. मला काय माहीत तिकडे ते विष समजतात!" आणि ती हमसून हमसून रडू लागली.

साहेबही बहुधा आमच्याच मुलखातले असावेत. ते हळूच म्हणाले, "माझ्या आईनेही दिली होती, ओपा. मी विमानतळाबाहेरच टाकली. तुम्ही हेच सगळं लिहून, सहीशिक्क्यासह पाठवा. लगेच."

त्याच दिवशी कागद गेला. मग वाट बघणं आलं. करोमत जेवेना. मामाला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. एका दुपारी तो उठला, किटली उकळली आणि तिची वाफ भिंतीवरच्या कागदावर सोडू लागला.

"काय करतोस रे, तोश?"

"मागे काय लिहिलंय ते बघतो. जायच्या आधी बघायचं ते आता बघतो. अक्कल गेली होती गवत चरायला."

कागद हळूहळू सुटला, भिंतीचा थोडा चुना घेऊन सुटला. मामाने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं, शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द. कुणाचीही बंद पुडकी नेऊ नका. वाळलेल्या वनस्पती, बिया, घरगुती औषधं त्या देशात चालतात का, ते आधी विचारा. सामान भरल्यावर कुलूप लावा, आणि निघण्यापूर्वी पुन्हा तपासा. अडचण आली तर या नंबरवर कळवा.

"सगळं लिहिलंय," करोमत म्हणाली. "जणू माझ्याचसाठी लिहिलंय."

"आणि मी त्याच्यावर खळ फासली," मामा म्हणाला.

आठवडा उलटायच्या आत मुखलिसाचा स्वतःचा फोन आला. अधिकाऱ्यांनी बिया ठेवून घेतल्या, आईचं लिहिणं खरं मानलं, सक्त ताकीद दिली आणि तिला सोडलं. करोमत "माझं चुकलं, माझं चुकलं" एवढंच म्हणत राहिली.

"आई, रडू नकोस गं. माझंही चुकलं. मी मागची बाजू वाचली, मला सगळं कळलं, तरी बॅग पुन्हा तपासली नाही आणि तुलाही काही सांगितलं नाही. तुला वाचून दाखवलं असतं तर तू ठेवली असतीस का? अधिकारी विचारत होते तेव्हा मला राग आला होता. मग दुसऱ्या दिवशी ती पुरचुंडी माझ्यासमोर टेबलावर उघडली, घरचा वास आला, आणि मला रडूच फुटलं. तेव्हाच कळलं, हे तुझंच काम."

त्यानंतर दिवस सुरळीत गेले, आणि मला सगळे विसरले. काळजी असते तेव्हा वर बघतात, काळजी सरली की कोण बघतं? माझे तीळ गळाले. चुलीच्या धुराने माझं फूल काळवंडलं. मुंग्या माझ्या अंगावरून वरात काढून गेल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण शेजारच्या कागदाचं नशीब उघडलं होतं. मामाने तो पुन्हा लावला, पण आता फक्त वरच्या कडेला खळ, म्हणजे उचलून मागची बाजू वाचता येईल. आळीतलं कुणाचंही पोर परदेशी निघालं, की करोमत त्याच्या आईलाच बोलावून घेई. "तुझ्या पोराच्या देशाची सूचना आण. दोन्ही बाजू. आधी तू वाच, मग त्याची बॅग बंद होऊ दे." मामा तर पुरता बदलला. कुणी सूचनेचं नुसतं नाव काढलं, की हा विचारी, "तारीख कुठली?" एकदा एकाने चिडून म्हटलंसुद्धा, "अका, पूर्वी तुम्ही लाल बघून पळायचात, आता तारीख बघून पळवता!"

अंगणात जर्दाळू वाळून गोळा झाले, बिहीची पिवळी फळं पिकली, आणि आज सकाळी फाटक वाजलं. मुखलिसा आली. थोडी वाळली आहे, पण हसणं तेच. आई तिला बिलगली ती सोडेना. मामाने डोळे पुसले आणि म्हणाला, "धूळ गेली गं डोळ्यांत." अंगणात धुळीचा कणही नव्हता.

मग मुखलिसाने वर पाहिलं. "अय्या, तू आहेस अजून!" ती मला म्हणाली. मलाच! तिने लाल दोरा सोडला, मला फडक्याने पुसलं, कपाळाला लावलं. मी इतका कडक, की दातांचं काही चालेना. म्हणून करोमतने शोरव्याचा, म्हणजे पातळ रश्श्याचा वाडगा पुढे ठेवला आहे, वाफाळता. तेवढ्यात मुखलिसा म्हणते, "आई, इसिरिक आहे का गं? आता लाव. इथे लाव, घर भरून धूर कर. माझी सगळी दृष्ट काढ." करोमत हसते आहे आणि रडते आहे. निखाऱ्यावर बिया तडतडतात. तो वास ज्या घरचा, त्या घरात शेवटी दरवळला.

मित्रांनो, माझ्याकडे आता थोडाच वेळ आहे, शोरवा निवतो आहे. एकच मागणं मागतो. कुणी दूरदेशी निघालं, तर त्या देशाची सूचना वाचा. रंग बघून घाबरू नका आणि रंग बघून मिरवूही नका. कुठल्या भागाबद्दल आहे, कधीची आहे, काय करा म्हणते, ते कागद उलटून शेवटपर्यंत वाचा. आणि एकट्या जाणाऱ्यानेच वाचून भागत नाही. जो मागे राहणार आहे, ज्याचा हात मायेने त्या बॅगेवरून फिरणार आहे, त्याच्या शेजारी बसून वाचा.

मी भिजून मऊ झालो आहे. मुखलिसाने मला उचललं, फिरवून पाहिलं, आणि आपल्याच दातांची जुनी खूण शोधून नेमकी तिथूनच खायला सुरुवात केली.