राहिलेलं यान

जाधव हे आडनाव सोयीचं. ऐकणारा आपल्याला हवं ते धरून चालतो. इंद्रलोक वसाहतीत राहायला आल्यापासून उर्मिला जाधवला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि तिनेही आपण होऊन काही सांगितलं नव्हतं. घरात बुद्धाची मूर्ती होती, पण हल्ली ती कोणाकडे नसते? समोरच्या सलोनीने तर हॉलमधल्या कारंज्यात बसवली होती.

उर्मिला कॉलेजात इतिहास शिकवायची, म्हणून बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या महिला मंडळाने तिला क्लबहाउसमध्ये बोलायला सांगितलं. तिची लेक रसिका हिने परस्पर आजोबांना फोन केला. दशरथ कांबळे, गोदीतून रिटायर झालेले, जेसल पार्कला एकटे राहायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते आले आणि दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसले. वडिलांना बघून उर्मिलेला आनंद झाला. पण लगेच मनात आलं, यांनी इथे कोणाला जयभीम घालू नये म्हणजे झालं.

ती छान बोलली. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते संपू शकतं आणि संपवायची वाट आहे, इथपासून सुरुवात केली. मग थेरवाद सिंहलद्वीपात कसा टिकला, महायानातला बोधिसत्त्व पलीकडे पोचता येत असूनही मागे राहिलेल्यांसाठी कसा थांबतो, वज्रयान तिबेटात कसं रुजलं, नागार्जुनाचा शून्यवाद काय, सगळं सोपं करून सांगितलं. तिथेच थांबली. टाळ्या पडल्या.

मंडळाच्या अध्यक्ष शुभदाताई उठल्या. "किती सुंदर समजावलंस गं. खरा बुद्ध हा. नाहीतर आपल्याकडे त्या लोकांनी त्याला पार डीजेवर नेऊन बसवलाय. त्यांना काय कळतोय शून्यवाद?"

बायका हसल्या. "सही बात है," सलोनी म्हणाली.

"काय उर्मिला, खरं ना?"

उर्मिला हसली. "हं," म्हणाली.

मागे खुर्ची सरकली. बाबा सावकाश उठले आणि चहाला न थांबता बाहेर पडले.

"कोण गं ते?" शुभदाताईंनी विचारलं.

"ओळखीचे आहेत," उर्मिला म्हणाली. पाण्याचे ग्लास फिरवणारी रसिका शेजारीच उभी होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी उर्मिला रिक्षाने जेसल पार्कला गेली. बाबा मेथी निवडत बसले होते.

"बाबा, मला त्या वेळी काही सुचलंच नाही."

"बस. बोधिसत्त्वाचं छान सांगितलंस. ऐकून बरं वाटलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तुझी आजी छप्पन्न साली मला काखेला मारून नागपूरला गेली होती दीक्षा घ्यायला," ते म्हणाले. "तिला शून्यवाद कळत नव्हता. त्या बाई बोलल्या ते खोटं नाही."

"बाबा, नका ना असं बोलू."

"रसिकाचा फोन आला होता मघाशी. विचारत होती, आईने तुम्हाला ओळखीचे का म्हटलं." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मी सांगितलं, आईला नीट ऐकू आलं नसेल. रोज सकाळी पंचशील म्हणतो मी, उर्मी. खोटं बोलणार नाही म्हणून. आज बोललो, ते पण पोरीशी."

उर्मिलेला वर बघवेना. शेजारची मेथी ओढून ती पानं खुडत राहिली.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. उर्मिलेने दोन मिनिटं मागून घेतली. बाबांना तिने बोलावलं होतं, पण गुडघे दुखतात म्हणून ते आले नव्हते.

"मागच्या वेळी माझं एक यान सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "राहिलं नाही, मी ठेवलं. नवयान. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेला धम्म. आम्ही त्याच धम्माचे. 'त्या लोकांतले'. आणि त्या दिवशी मागे बसले होते ते ओळखीचे नव्हते, माझे वडील होते."



"अगं, पण तू तशी वाटत नाहीस," शुभदाताई गडबडून म्हणाल्या.

"मलाही तेच बरं वाटायचं, ताई."

टाळी कोणी वाजवली नाही. शुभदाताईंनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. सलोनी खाली मान घालून मोबाईल बघत राहिली.

तिथून ती रसिकाला घेऊन तडक जेसल पार्कला गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाले आणि रसिकाला जेवलीस का म्हणून विचारलं.

"आजोबा, आता याल ना आमच्याकडे?"

"बघू," ते म्हणाले आणि ताटं घ्यायला आत गेले. त्यांच्या हातातली ताटं घ्यायला उर्मिला उठली खरी, पण त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिला त्या दिवशीही झालं नाही.