टाचण्या काढून बोला

टेलरकाकूंच्या ओठांत टाचण्या नाहीत असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक असो, दूधवाला असो, नाहीतर खुद्द यजमान, काकू बोलायच्या त्या ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि सगळ्यांना बरोबर कळायचं. घोडं अडलं ते नातीपाशी. परदेशात वाढलेली ती पोर इंग्रजीशिवाय बोलेना. रविवारी व्हिडिओ कॉलवर काकू कसंबसं एक इंग्रजी वाक्य जुळवायच्या. पोर गोंधळायची आणि फोन सरळ बापाच्या हातात द्यायची. लेकाशी काय, रोजच बोलणं होई. काकूंना नात हवी होती.

म्हणून त्यांनी इंग्रजीच्या बाईंनाच धरलं. बाई जाकिटाच्या ट्रायलला आलेल्या. आरशासमोर हात पसरून उभ्या, अंगभर टाचण्या. पळणार कुठे?

"'ॲ' म्हणा. जबडा खाली," बाईंनी शिकवायला घेतलं.

"म्म्," काकू म्हणाल्या.

"आता 'ऑ'. ओठ गोल."

"म्म्."

"अहो काकू, तुमचे सगळे स्वर एकाच मापाचे निघताहेत! तोंड उघडल्याशिवाय कसं व्हायचं? काढा आधी त्या टाचण्या."

काकूंनी टाचण्या मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीत खोचल्या आणि ओठ पुन्हा घट्ट मिटले. खरी गोम तिथेच होती. गळ्यात कात्री लटकत असताना दातानं दोरा तोडायची त्यांना जन्माची खोड. त्यापायी समोरचा एक दात गेलेला. टाचण्या होत्या तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

"खिंडार दिसतं हो," त्या तोंडावर हात धरून पुटपुटल्या.

"दिसू द्या की! नात परकी आहे का?"

ते मात्र काकूंना लागलं. आठवडाभर त्या मशीन चालवता चालवता 'ॲ, ऑ, ई' करत बसल्या. यजमानांनी विचारलं, "दाढ दुखतेय का गं?"

रविवारी फोन लागला. नात आज गप्प होती, ओठ आवळून बसलेली. मागून लेक म्हणाला, "शाळेत कुणीतरी हसलं हिला. परवापासून तोंडच उघडत नाही."

काकूंना भीती वाटली. ही पण हसली तर? हात तोंडाकडे निघालाच होता, तो त्यांनी मांडीखाली दाबला. जबडा पार खाली सोडून त्यांनी स्पष्ट विचारलं, "व्हाय आर यू सॅड?"

पोर बघतच राहिली. मग हळूच पुढे सरकली आणि तिनं आ वासला. समोरचा एक दात पडलेला, आजीच्याच जागचा.

दोघी खदखदून हसल्या. "ॲ!" काकू म्हणाल्या. "ॲ!" पोर ओरडली.

सवयीनं लेकानं फोनसाठी हात पुढे केला. नातीनं तो बाजूला ढकलला.