कुणीतरी घ्यायला हवेत

ॲनिशाने मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून रेघा मोजल्या. सोळा. आलेखावर भावाचे चढउतार दाखवणाऱ्या जाड कँडल संपल्या होत्या तिथून सोळा आडव्या लाल रेघा जिन्यासारख्या खाली उतरत होत्या. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा पाच टक्क्यांनी खाली. एका दिवसात त्याहून जास्त पडायची या शेअरला परवानगीच नव्हती. रेघांखाली उलाढालीचे खांब दिसायला हवे होते. गेल्या पाच दिवसांत एकूण त्रेसष्ट शेअरांची उलाढाल झाली होती.

"पेशंट कसा आहे?" समोर भेंडी चिरत बसलेल्या रोझलीन आत्याने विचारलं. चौतीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर तिला दुसऱ्या शब्दांत विचारताच येत नसे.

"आरएसआय, म्हणजे शेअरची नाडी, शंभरात तेरा."

"तेरा? आमच्या वॉर्डात असता तर एव्हाना चादर तोंडावर ओढली असती."

ॲनिशाला हसू आलं नाही. मार्चमध्ये याच टेबलावर तिने आत्याला भावाच्या दोन सरासऱ्या दाखवल्या होत्या. पन्नास दिवसांची रेघ दोनशे दिवसांच्या रेघेला छेदून वर निघाली होती, म्हणजे भाव चढण्याची खूण. पंपाच्या झडपा बनवणारी छोटी कंपनी, डोक्यावर कर्ज नाही. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या भाचीवर विश्वास टाकून आत्याने प्रॉव्हिडंट फंडाचे सगळे पैसे लावले. एक हजार दोनशे चाळीस शेअर. त्याच दिवशी ॲनिशाने वडिलांनाही खातं उघडून दिलं होतं. ते रिकामंच राहिलं.

मग ऑडिटरने दोन ओळींचं पत्र लिहून राजीनामा दिला, आणि सगळे एकदमच दाराकडे धावले.

"तेरा म्हणजे वाईट ना?" तिचे वडील सॅन्टन ओटीवर सोनचाफ्याच्या पुड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तीसच्या खाली गेलं की आता वळेल, असं म्हणतात. पण वळायला घेणारा लागतो, डॅडी."

"म्हणजे कुणी घेतले, की रोझी सुटली?"

"हो. कुणीतरी घ्यायला हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सतराव्या रेघेखाली एक खांब उभा राहिला. ॲनिशाने त्यावर बोट ठेवलं. एक हजार दोनशे चाळीस.

ती खुर्चीवरून उठली. "आत्या!" पण आत्या बाजारात गेली होती. तिने आत्याचं खातं उघडलं. विक्रीची ऑर्डर सकाळी टाकली तशीच होती. पुढे लिहिलं होतं, प्रलंबित.

सॅन्टन वाडीतून आले, पाय न धुताच आत शिरले.

"गेले ना रोझीचे?"

ॲनिशाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे.

"तुम्ही घेतलेत?"

"आकडा बघून टाकला, बाय. एक इकडंतिकडं नाय. बँकेतली ठेव मोडली. तिला म्हातारपणी कोण आहे? बोलू नको मात्र, हात धरून पैसे परत करील ती."

ॲनिशा खाली बसली.

"डॅडी, तिथे रांग असते. जो पुढे उभा, त्याचे आधी जातात."

"मग मी कुणाचे घेतले?"

"माहीत नाही. कळत नाही ते."

सॅन्टन उंबऱ्यावर बसून पायांवरचा चिखल नखाने खरवडू लागले. तो सुकत आला होता.

"त्याचं तरी सुटलं असेल," ते म्हणाले. "काय तू पण. रांग आहे, एवढं सांगायचं होतं."

"हो," ॲनिशा म्हणाली.

गेटची कडी वाजली. आत्या कोलंबी महाग झाल्याची तक्रार करत आत आली आणि पिशवी टेबलावर ठेवता ठेवता विचारती झाली, "पेशंट?"

"बारा," ॲनिशाने सांगितलं.

शुक्रवारी वडिलांचे शेअर त्यांच्या खात्यात दिसू लागले होते. सकाळी तिने आधी आत्याची विक्रीची ऑर्डर टाकली, मग वडिलांची. वडिलांच्या शेअरांपुढे रांगेत आठ लाख त्र्याहत्तर हजार सहाशे नव्वद शेअर होते. त्यांतले एक हजार दोनशे चाळीस रोझलीनचे.