पेटीची जागा

भाग्यलक्ष्मी भिंतीच्या कडेनं रांगत होती आणि रुक्माला हसू आवरत नव्हतं.

"काय सांडलं गं पोरी तुजं?"

"आवाज, आजी," मान वर न करता ती म्हणाली.

रामनगरात तिचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान. सबवूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या, पेट्या ती स्वतः प्लाय कापून बनवायची. अणशीच्या परशूसाठी, रुक्माच्या नवऱ्यासाठीही, तिनं एक केली होती. परशू जन्मभर शिमग्यात मातीचं घुमट वाजवत आला. आता कान मंदावल्यानं त्याला माणसांचं बोलणं कळेना. जाड, खालचा आवाज तेवढा उमगायचा. चारचौघांत बसणंही त्यानं सोडलं होतं.

दुकानात पेटी छान घुमली. पण इथं त्याच्या घरी टीव्हीखाली ठेवली, तर परशूच्या खुर्चीपाशी ठोका पोचेचना. भिंतींवरून परतलेला आवाज खोलीत कुठं साठत होता, कुठं आपणच आपल्याला खात होता. खुर्ची नेमकी त्या पोकळ जागी.

"खुर्ची सरकवू की," रुक्मा म्हणाली.

"न्हाई आजी. तितनं आज्याला अंगण दिसतंय. मानूस न्हाई हलवायचा, पेटी हलवायची."

म्हणून तिनं पेटीच खुर्चीत बसवली होती आणि ठोका कुठं भरून येतो ते ती रांगत शोधत होती. जिथं तो भरून येईल तिथं पेटी ठेवली, की तो खुर्चीतही भरूनच पोचणार. भाताच्या कणगीमागचा कोपरा सापडला. पण पेटी तिथं ठेवताच ठोक्यात ठोका मिसळून नुसती गुरगुर. ती पेटी उचलून परत घेऊन गेली.

दुकानात तिनं पेटीचं हवेचं भोक बुजवलं, आत कापूस भरला.

"चांगली घुमत हुती की! कशाला मारतीस तिला?" नवरा, सूरज, कळवळला.

"घुमवायला त्यो कोपरा हाय. हिनं तितं जरा दमानं घ्यायचं."

पुन्हा अणशी. पेटी कोपऱ्यात बसली. रुक्मानं मोबाइलवर जुन्या शिमग्याचं वादन लावलं. परशू अंगणाकडंच बघत होता. मग त्याची बोटं मांडीवर हलली. हळूहळू तळवा पडू लागला, खणखणीत, तालात. एकाएकी कपाळाला आठी घालून तो ओरडला,

"म्हादू मागं पडतोय!"

रुक्मानं पदर तोंडाशी नेला. म्हादू त्याचा धाकटा भाऊ, जन्माचा जोडीदार; वादनातलं दुसरं घुमट त्याचंच. गेल्या पावसाळ्यात वारला होता.

भाग्यलक्ष्मी वादन बंद करायला उठली, तसा रुक्मानं तिचा हात धरला.

परशूचा तळवा मांडीवर अधांतरी थांबला होता. म्हादू येऊन मिळाला, आणि मग तळवा पडला.